सबवूफरचा बॉक्स केवढा हवा? गाडीतल्या बेसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वूफर, म्हणजे बेस वाजवणारा मोठा स्पीकर, निवडण्यात लोक महिना घालवतात, अँपच्या (अँप्लिफायरच्या) वॉटवरून वाद घालतात आणि बॉक्स मात्र डिकीत उरलेल्या जागेत मावेल तो घेतात. मग बेस मनासारखा येत नाही म्हणून पुन्हा वूफरच बदलतात. तोच वूफर दोन वेगळ्या मापांच्या बॉक्समध्ये बसवून ऐकला, तर दोन वेगळ्या कंपन्यांचे वूफर आहेत असं वाटावं इतका फरक पडतो. बॉक्सच्या मापाबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. थोडं गणित आहे, पण वर्गमूळ काढता येत असेल तर पुरे.

बॉक्स जितका मोठा तितका बेस जास्त, हे खरं का?

अर्धंच खरं. बॉक्सच्या मापावरून बेस किती येईल यापेक्षा कुठला येईल हे जास्त ठरतं.

बेस हा एकच आवाज नाही. सबवूफर साधारण २० ते ८० हर्ट्झ एवढं क्षेत्र सांभाळतो, म्हणजे चांगली दोन सप्तकं. किक ड्रमचा छातीवर बसणारा ठोका बहुतेक ५० ते ८० हर्ट्झमध्ये असतो. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झ येतात. पियानोची अगदी डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्झची. तिथे आवाज ऐकू येण्यापेक्षा सीटमधून जाणवतो जास्त. लहान बंद बॉक्स ठोक्याच्या भागात जोर दाखवतो आणि खालच्या खर्जात हात आखडता घेतो. मोठा बॉक्स खर्जापर्यंत उतरतो, पण वरचा ठोका त्यामुळे वाढत नाही. 'बेस कमी आहे' अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, कुठला कमी आहे?

मुळात वूफरला बॉक्स लागतोच कशाला?

वूफरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा शंकूसारखा पडदा, पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. बॉक्स नसेल तर समोरची दाबलेली हवा वळसा घालून मागे जाते आणि दोघांची वजाबाकी होते. उघडा वूफर हातात धरून वाजवला की तो जिवाच्या आकांताने हलतो, पण बेस नाही, याचं कारण हेच.

बॉक्सचं पहिलं काम म्हणजे मागचा आवाज कोंडणं. ते कुठल्याही मापाच्या बॉक्सने होतं. दुसऱ्या कामात मात्र माप येतं: आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहा. दांडा पूर्ण वर असताना हवा सहज दबते. तळाशी थोडीच हवा उरली की तेवढाच दांडा आणखी दाबायला दम लागतो. वूफरलाही तसंच होतं. बॉक्स लहान म्हणजे मागची स्प्रिंग कडक, मोठा म्हणजे मऊ.

ही स्प्रिंग मुद्दाम कामाला लावण्याची कल्पना एडगर विल्चर यांची. १९५४ साली त्यांनी अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एआर-१ या स्पीकरमध्ये अगदी सैल बसवलेला वूफर लहान बंद बॉक्समध्ये घातला आणि कोन आवरण्याचं काम हवेवर सोपवलं. आज डिकीत दिसणारा प्रत्येक सील्ड, म्हणजे बंद, बॉक्स त्याच वंशातला.

वूफरच्या कागदावर इतके आकडे असतात. बॉक्ससाठी त्यातले कुठले बघायचे?

सील्ड बॉक्ससाठी तीन पुरतात.

एफएस म्हणजे वूफर मोकळ्या हवेत स्वतःहून ज्या फ्रिक्वेन्सीला डोलतो ती. क्यूटीएस म्हणजे त्या डोलण्याला लगाम किती आहे त्याचा आकडा. तो जितका लहान तितका लगाम घट्ट. व्हीएएस हा आकडा लिटरमध्ये असतो आणि सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहे. व्हीएएस ६० लिटर म्हणजे ६० लिटरचा बॉक्स करा, असं नव्हे. वूफरच्या सस्पेन्शनचा (कोनाला धरून ठेवणाऱ्या लवचीक भागाचा) मऊपणा जितक्या हवेच्या मऊपणाएवढा आहे, तितकी ती हवा. बॉक्सची हवा आणि वूफरची स्वतःची स्प्रिंग यांची तुलना करण्यासाठीचं ते माप आहे.

या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात १९६१ मध्ये पाया घातला आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पूर्णत्वाला नेला. त्याआधी बॉक्सचं माप बरंचसं अंदाजपंचे ठरायचं. दुर्दैवाने आजही बऱ्याच ठिकाणी तसंच ठरतं.

उदाहरण घेऊन आकड्यांत दाखवा.

एक १२ इंची वूफर धरू: एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ६० लिटर. सूत्र सोपं आहे. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. आलेल्या आकड्याने एफएसला गुणलं की बॉक्समधल्या वूफरची नवी डोलण्याची फ्रिक्वेन्सी मिळते. क्यूटीएसला गुणलं की बॉक्ससकटचा लगाम कळतो. त्याला क्यूटीसी म्हणतात.

२० लिटरचा बॉक्स: ६० भागिले २० म्हणजे ३, अधिक १ म्हणजे ४, वर्गमूळ २. फ्रिक्वेन्सी ५६ हर्ट्झ, क्यूटीसी ०.९०. सुमारे ४१ लिटर घेतले तर गुणक १.५७ येतो, म्हणजे ४४ हर्ट्झ आणि ०.७०७. ६० लिटरला ३९.६ हर्ट्झ आणि ०.६४. थेट १२० लिटरवर उडी मारली तर ३४ हर्ट्झ आणि ०.५५.

आता खरी गंमत. २५ हर्ट्झला, म्हणजे अगदी तळाला, यातला प्रत्येक बॉक्स वरच्या सपाट पातळीपेक्षा किती मागे पडतो? २० लिटरचा साडेतेरा डेसिबल मागे, ४१ लिटरचा सव्वादहा, ६० लिटरचा सव्वानऊ आणि १२० लिटरचा सुमारे साडेआठ. म्हणजे २० वरून ४१ लिटरवर गेलात तर तळाला सव्वातीन डेसिबल मिळतात, आणि तेवढा फरक चांगला जाणवतो. पण ६० वरून १२० लिटरवर, अख्खी डिकी खाऊन, जेमतेम एक डेसिबल पदरात पडतो. बॉक्स वाढवण्याचा फायदा एका मर्यादेपर्यंत भरभरून मिळतो, मग आटतो. ती मर्यादा वूफरगणिक वेगळी असते, म्हणून '१२ इंचीला इतके लिटर' असं सरसकट उत्तर मी कधी देत नाही.

क्यूटीसी ०.७०७ आलाच पाहिजे का?

नाही. त्या आकड्याला उठाव न येता सपाटपणा सर्वांत खालपर्यंत टिकतो, म्हणून तो पुस्तकांत येतो. ०.६ ते ०.९ मध्ये कुठेही चांगला बेस मिळतो. १ च्या पुढे गेलात की वरच्या बेसमध्ये सव्वा डेसिबल आणि त्याहून जास्त उठाव येतो आणि प्रत्येक ठोक्याला शेपूट फुटल्यासारखं वाटू लागतं. ०.५ च्या खाली बॉक्स उगाच मोठा होतो.

'लहान बॉक्सचा बेस टाइट, मोठ्याचा ढगळ' असं सगळेच सांगतात. मग?

सगळे सांगतात, पण सील्ड बॉक्सच्या बाबतीत गणित उलट आहे. बॉक्स लहान केला की क्यूटीसी वाढतो, म्हणजे लगाम सैल होतो. ठोका थांबल्यावर जास्त वेळ डोलतो तो लहान बॉक्समधला वूफर.

तरी कानाला तो टाइट का वाटतो? कारण लहान बॉक्स खालचा खर्ज देतच नाही. लांबणारा, रेंगाळणारा भाग बहुतेक खर्जातच असतो. तो वजा झाला की उरलेला ५०-६० हर्ट्झचा ठोका सुटा आणि चपळ वाटतो. खर्ज ऐकू आला नाही, याला आपण नियंत्रण म्हणतो. दुसरं कारण, 'मोठा बॉक्स' म्हणून लोकांनी ऐकलेला असतो तो बहुतेक वेळा चुकीच्या ट्यूनिंगचा पोर्टेड बॉक्स, म्हणजे हवेला बाहेर यायला नळी (पोर्ट) ठेवलेला. त्याबद्दल पुढे येईलच. त्याच्या घुमण्याचं खापर लिटरवर फुटतं.

कागदावर २५ हर्ट्झला दहा डेसिबल कमी दिसतात. गाडीत तर तसं जाणवत नाही. का?

कारण गाडीची केबिन स्वतःच बेस वाढवते. ३० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११.४ मीटर, तर केबिन जेमतेम पावणेतीन मीटर. अर्धी लहर केबिनपेक्षा लांब झाली की तिला प्रवास करायला जागाच उरत नाही. वूफर मग अख्ख्या केबिनमधली हवा पंपासारखी दाबतो-सोडतो. पावणेतीन मीटरच्या केबिनमध्ये हे साधारण ६० हर्ट्झखाली सुरू होतं. कागदोपत्री फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की १२ डेसिबलची भर पडते. प्रत्यक्षात दारांच्या फटी, थरथरणारं छत आणि काचा यांतून बरीच गळती होते, त्यामुळे भर त्याहून कमी असते. काच खाली करून बघा, खर्ज कसा पळतो ते.

योगायोग असा, की सील्ड बॉक्सचा आवाजही त्याच्या फ्रिक्वेन्सीखाली दर सप्तकाला १२ डेसिबलनेच घसरतो. एक हात काढून घेतो, दुसरा परत देतो. म्हणूनच आपल्या उदाहरणातला २० लिटरचा बॉक्स घरात कोरडा वाटेल, पण गाडीत बऱ्यापैकी भरलेला वाटतो. घरच्या स्पीकरसाठीचा सल्ला गाडीला लावायचा नाही तो यामुळे. सील्ड बॉक्सवाल्यांनी गाडीत अगदी मोठ्या लिटरच्या मागे धावू नये, असं माझं मत आहे.

पोर्टेड बॉक्सला मोठं माप का लागतं?

पोर्टेड बॉक्समध्ये मागचा आवाज कोंडून फुकट घालवत नाहीत. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ज्या तत्त्वावर वाजते, तेच इथे असतं. पोर्टमधली हवा हे वजन, बॉक्समधली हवा ही स्प्रिंग. दोघांची मिळून एक ठरलेली फ्रिक्वेन्सी येते, तिला ट्यूनिंग म्हणतात. या प्रकारच्या पोकळ्यांचा अभ्यास हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवला आहे.

ट्यूनिंगजवळ बहुतेक आवाज पोर्ट देतो आणि कोन जवळजवळ स्थिर राहतो. तेवढ्याच वॉटमध्ये त्या भागात काही डेसिबल जास्त मिळतात. पण ट्यूनिंग ३०-३५ हर्ट्झवर आणायची तर स्प्रिंग मऊ हवी, म्हणजे लिटर जास्त हवेत, आणि वर पोर्टचीही जागा द्यावी लागते. ट्यूनिंगच्या खाली घसरण दुप्पट उतरणीची असते, दर सप्तकाला २४ डेसिबल. शिवाय तिथे कोनामागची हवा पोर्टमधून नुसती आत-बाहेर करते. कोनाला आवरणारं कोणी उरत नाही आणि तो मोकाट सुटतो. म्हणून पोर्टेड बॉक्सला सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारी सोय, हवाच. अँपवर त्याचं बटण असेल तर ट्यूनिंगच्या जरा खाली लावा.

पोर्टेड बॉक्सचं माप थोडं कमी झालं तर काय बिघडतं?

सील्डमध्ये दहा टक्के चूक खपून जाते, पोर्टेडमध्ये ती ऐकू येते. ५० लिटरचा बॉक्स ३३ हर्ट्झला ट्यून केलाय असं धरा. तोच पोर्ट ३५ लिटरच्या बॉक्सला लावला तर ट्यूनिंग ३९ हर्ट्झच्या पुढे जाते. मग ४५-५० हर्ट्झच्या आसपास उठाव आणि खाली एकदम कडा. हाच तो एका सुरात घुमणारा बेस, कुठलंही गाणं लावा, वाजतं एकच.

लहान बॉक्समध्ये ट्यूनिंग ३३ लाच ठेवायची असेल तर पोर्ट लांब करावा लागतो. १० सेंटीमीटर व्यासाचा गोल पोर्ट ५० लिटरला ३६ सेंटीमीटर लांब लागतो, ३५ लिटरला साडेचोपन्न. आणि १० सेंटीमीटरचा पोर्ट दमदार १२ इंचीला अरुंदच पडतो. हवा सेकंदाला १७ मीटरच्या पुढे धावू लागली की फसफस ऐकू येते. गाडीवाल्यांचा ढोबळ नियम लिटरमागे पावणेतीन ते साडेतीन चौरस सेंटीमीटर तोंडाचा आहे. त्या हिशेबाने ५० लिटरला १५ सेंटीमीटर व्यासाचा पोर्ट आला. त्याची लांबी भरते ८६ सेंटीमीटर आणि तो एकटाच बॉक्समधले १५ लिटर गिळतो! ते १५ लिटर पुन्हा वाढवावे लागतात, सरळ नळी बसत नाही म्हणून ती वळवावी लागते. पोर्टेड बॉक्स बाहेरून राक्षसी दिसतात त्यामागे हे आहे. जागा कमी असेल तर अरुंद पोर्टचा लहान बॉक्स करण्यापेक्षा सरळ सील्ड करा.

पोर्टेड बॉक्स गरजेपेक्षा मोठा झाला तरी सुख नाही. ट्यूनिंगजवळचा आवाज फुगतो, कोनावरचा ताबा सुटतो आणि वूफर झेपेल त्याहून कमी वॉटला धापा टाकू लागतो.

बॉक्स लहान आहे. अँप मोठा लावला तर भरपाई होईल का?

काही अंशी. आधीच्या उदाहरणात २० आणि ४१ लिटरमध्ये तळाला सव्वातीन डेसिबलचा फरक होता. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट वॉट. ४१ लिटरला २५ हर्ट्झवर ३०० वॉट लागत असतील तर २० लिटरला ६००हून जास्त लागतील. ती जास्तीची वीज कॉइलमध्ये (कोनाला हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात) उष्णता होऊन जाते, हे विसरू नका.

लहान बॉक्सची जमेची बाजूही आहे. कडक स्प्रिंग कोनाला आवरून धरते. अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीला, तेवढ्याच सिग्नलवर, ६० लिटरमधला कोन २० लिटरमधल्यापेक्षा दुप्पट हलतो. त्यामुळे बेस बूस्ट पिळणाऱ्या हातांपासून लहान बॉक्समधला वूफर जरा सुरक्षित असतो. मोठ्या सील्ड बॉक्समध्ये वूफर जळण्याआधी कोन मर्यादेबाहेर जाऊन आपटतो. कॉइल जळाल्याचा वास आणि कोन आपटल्याचा टकटक आवाज या दोन वेगळ्या चुकांच्या खुणा आहेत.

एक गोष्ट मात्र कुठल्याच बॉक्सने बदलत नाही. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनाला चौपट हलावं लागतं.

लहान बॉक्स, खोल बेस आणि कमी वॉट, हे तिन्ही एकत्र देणारा वूफर कुठला?

नाही मिळणार. के.एल.एच. या स्पीकर कंपनीच्या नावातल्या एच या अक्षराचे धनी अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियमच आहे: तिन्हीपैकी दोन निवडा. त्याच बॉक्समध्ये तळ निम्म्या फ्रिक्वेन्सीवर न्यायचा तर कार्यक्षमता आठव्या हिश्श्यावर येते. सीटखाली मावणारे चपटे वूफर या नियमातून सुटत नाहीत. त्यांचा कोन मुद्दाम जड केलेला असतो, आणि किंमत वॉटमध्ये वसूल होते.

जागा कमी आहे. त्यात १२ इंची घालू की १० इंची?

योग्य मापाच्या बॉक्समधला १० इंची, कोंडमारा झालेल्या १२ इंचीपेक्षा बहुतेक वेळा गोड वाजतो. कोन मोठा झाला की व्हीएएस झपाट्याने वाढतं, म्हणून तेच २० लिटर १२ इंचीला तोकडे आणि १० इंचीला ऐसपैस ठरतात. अपवाद लहान बॉक्ससाठीच बनवलेल्या १२ इंचींचा. तिथे व्हीएएस लहान दिसेल. फैसला इंचांवर करू नका, क्यूटीसी काढून करा.

बॉक्सचे लिटर नेमके मोजायचे कसे?

इथे सर्वांत जास्त लोक फसतात. बाहेरून ६० बाय ४० बाय ३५ सेंटीमीटरचा बॉक्स ८४ लिटर भरतो. १८ मिलिमीटरच्या एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी पाटीचा) असेल तर आतली मापं ५६.४, ३६.४ आणि ३१.४. गुणाकार ६४.५ लिटर. २० लिटर लाकडातच गेले! त्यातून वूफरचं मॅग्नेट आणि बास्केट (धातूचा सांगाडा) वजा करा, तो आकडा कंपनीच्या कागदावर असतो. आतले आधार वजा करा. पोर्टेड असेल तर पोर्ट त्याच्या जाडीसकट वजा करा. जे उरतं ते खरं माप. तयार बॉक्सवर लिहिलेले लिटर यातले कुठले आहेत ते विचारून घ्या, किंवा सरळ टेप लावा.

माझ्या पहिल्या पोर्टेड बॉक्समध्ये मी पोर्टची जागा धरलीच नव्हती. बॉक्स देखणा झाला, बेस मात्र एकाच सुरात घुमत राहिला. दोन आठवडे मी अँपला दोष देत होतो.

वाकड्यातिकड्या फायबरग्लासच्या बॉक्सला सूत्र चालत नाही. त्यात थर्मोकोलचे दाणे काठोकाठ भरा आणि मग ते सरळ खोक्यात ओतून मोजा.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. २० लिटरचा घनाकृती बॉक्स आतून २७ सेंटीमीटरचा, ४० लिटरचा ३४ सेंटीमीटरचा. लिटर दुप्पट, फरक फक्त सात सेंटीमीटर. डिकीत तेवढी जागा निघते का ते नीट बघा.

बॉक्सच्या आकाराने फरक पडतो का? चौकोनी, उतरता, गोल?

लिटर तेच असतील तर जवळजवळ नाही. या लहरी बॉक्सपेक्षा कितीतरी लांब असतात. मीटरभराहून लांब नळकांडं करू नका आणि मॅग्नेटच्या मागे चार-पाच सेंटीमीटर मोकळे सोडा, इतकं पुरे.

आत कापूस भरला की बॉक्स मोठा होतो म्हणतात. थापा ना?

थापा नाहीत. पॉलिएस्टरचे तंतू भरले की दाबल्या जाणाऱ्या हवेची उष्णता ते शोषून घेतात, म्हणून हवा जरा मऊ वागते. सिद्धांतात बॉक्स ४० टक्क्यांपर्यंत मोठा असल्यासारखा वागू शकतो, प्रत्यक्षात १० ते २० टक्के धरा. लिटरमागे १० ते २० ग्रॅम पिंजून सैल भरा. ठासून भरलात तर जागा खाल्ली जाते. हे फक्त सील्ड बॉक्ससाठी. पोर्टेडमध्ये पोर्टचं तोंड चोंदलं की सगळंच बिघडतं.

एकाच बॉक्समध्ये दोन वूफर बसवायचे असतील तर?

दोन्ही अगदी सारखे हवेत आणि लिटर दुप्पट. मध्ये पडदा घातलात तर एक वूफर बिघडल्यावर दुसरा वाचतो. आयसोबॅरिक म्हणून एक प्रकार आहे, त्यात दोन वूफर एकमेकांना जोडून एकासारखे चालवतात. व्हीएएस निम्मं होतं, बॉक्स निम्मा पुरतो, पण आवाज एकाच कोनाचा आणि वॉट दोघांचे. जागा अगदीच नसेल तरच तो उपद्व्याप.

लाकूड किती जाड हवं? छोटी फट चालेल का?

१८ मिलिमीटर हे नेहमीचं माप. मोठ्या पाट्यांना आतून आडवा आधार द्या. पाटी थरथरली की वूफरची ताकद बॉक्स हलवण्यात जाते. फट चालत नाही. सील्ड बॉक्सचा कोन हलक्या हाताने दाबून सोडा. तो जरा रेंगाळत परत यायला हवा. लगेच उसळून आला तर कुठेतरी गळती आहे. वायर आत जाते ती जागा आणि वूफरच्या कडेची गास्केट आधी तपासा.

ट्यूनिंग बरोबर आली का, हे यंत्राशिवाय कसं कळेल?

मोबाइलवर टोन जनरेटर (हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं अॅप) घ्या, आवाज कमी ठेवा, ५० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या आणि कोनाकडे बघा. ज्या हर्ट्झला कोन सर्वांत कमी हलतो आणि पोर्टमधून वारा सर्वांत जास्त येतो, तीच ट्यूनिंग. त्याच्या खाली जास्त उतरू नका.

माप बरोबर, गळती नाही, तरी पुढच्या सीटवर बेस बसका. आता?

आता बॉक्स सोडा. वूफरच्या दोन वायरी उलटसुलट करून बघा. दारातले स्पीकर आणि सबवूफर ८० हर्ट्झजवळ एकमेकांना खोडत असतील तर एवढ्यानेच फरक पडतो. मग क्रॉसओव्हर (सबवूफरने किती हर्ट्झपर्यंत वाजावं ते ठरवणारी सोय) वर-खाली करा, बॉक्सचं तोंड मागे फिरवून बघा. सेडानमध्ये डिकी केबिनपासून वेगळी असते. मागच्या सीटचा मधला भाग उघडून ऐकलं तर कळेल की अडचण लिटरची आहे की भिंतीची.

कंपनी 'किमान' आणि 'कमाल' अशी दोन मापं देते. कुठलं घेऊ?

ठोका आवडत असेल आणि अँप दणकट असेल तर किमानकडे, खर्ज आवडत असेल आणि आवाज बेताचा ठेवत असाल तर कमालकडे. दिलेल्या लिटरमध्ये वूफरची जागा धरली आहे की नाही, ते कागदावरच्या बारीक अक्षरांत वाचा.

बॉक्स करून झाला, आणि माप चुकलं. तोडायचा का?

मोठा झाला असेल तर सोपं आहे. घट्ट लाकडी ठोकळे आत स्क्रूने पक्के बसवा, एक-एक लिटरने माप कमी करत ऐका. थर्मोकोलचे तुकडे टाकू नका, ते दबतात आणि खडखडतात. सील्ड बॉक्स लहान झाला असेल तर पॉलिएस्टर भरा, आणि वूफर उलटा बसवता येत असेल, मॅग्नेट बाहेर, तर त्याने खाल्लेले दोन-तीन लिटरही परत मिळतात. तेव्हा वायरी अदलाबदल करून जोडायला विसरू नका. पोर्टेड बॉक्स थोडा लहान झाला असेल तर नळी लांब करून ट्यूनिंग खाली आणता येते. फारच लहान झाला असेल तर पोर्टचं भोक पाटी लावून बंद करा आणि त्याला सील्ड म्हणून वाजवा.